बसलं म्हणजे जुळलं नव्हे

(दहावी १९९५च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, अमेरिकेत आहेस, एआयवर वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, एआयवर आता घरोघरचा शाळकरी मुलगा वीस मिनिटं बोलतो. मी पिस्तुलावर बोलते. फोनवर जरा वेळ शांतता पसरली. मग ते म्हणाले, "बोल. पण सभागृहात लहान मुलं असतील, एवढं लक्षात ठेव."

तर विषय असा आहे. एका मापाच्या गोळीसाठी बनवलेलं पिस्तूल दुसऱ्या मापाच्या गोळीसाठी बदलून घेतात. त्यात नेमकं काय बदलतं, आणि एखादी गोष्ट बदलायची किंवा बघायची राहून गेली तर काय होतं? यात माझी स्वतःची एक चूक आहे. तीन वर्षं मी ती कोणाला सांगितली नाही. आज सांगणार आहे, कारण ज्यांना ती आधी सांगायला हवी होती त्या आपल्या एन.सी.सी.च्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

सुरुवात इथूनच करते. आपण आठवीत-नववीत असताना मुलींची एन.सी.सी.ची तुकडी लहान होती, पण फायरिंगचा दिवस आला की एकही मुलगी गैरहजर नसायची. पंचवीस यार्डांवर टार्गेट, जमिनीवर ताडपत्री, आणि हातात पॉइंट टू-टू रायफल. दोन प्रकारच्या होत्या. एक हलकी, 'डिलक्स' म्हणायचो ती. दुसरी जड, नंबर टू मार्क फोर. ती खांद्याला लावली की आम्हा बारक्या मुलींची मान वाकडी व्हायची. मी बटालियनच्या हवालदारांना विचारलं होतं, "एवढ्याशा गोळीला एवढी मोठी रायफल कशाला?" ते हसून म्हणाले, "बेटा, ये पहले थ्री-नॉट-थ्री थी."

ते खरं होतं. सैन्याची जुनी ली-एनफिल्ड रायफल .३०३ इंच बोअरची. सरावासाठी तिचं रूपांतर .२२मध्ये करत. काहींमध्ये जुन्याच नळीत बारीक नळी बसवून, काहींमध्ये नळीच नवी घालून. कारण सरळ होतं. पॉइंट टू-टूचं काडतूस स्वस्त, आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही, आणि छोट्या मैदानावर चालतं. पण रायफलचं वजन, धरायची पद्धत, बोल्ट ओढायची सवय तीच राहते. पोरं स्वस्तात शिकतात.

मात्र नुसती नळी बदलून ती रायफल उडली नसती. .३०३च्या काडतुसात ठिणगी पाडणारी टोपी बुडाच्या मधोमध असते. .२२च्या काडतुसात तो मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. म्हणजे पिन मध्यावर आपटून उपयोग नाही, ती कडेवर आपटायला हवी. म्हणून बोल्टचं तोंडही बदलावं लागलं. एक माप बदललं की त्याच्याशी जोडलेली पुढची चार मापं बदलावी लागतात, हा धडा मला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात नाही, आपल्या शाळेमागच्या त्या मैदानावर मिळाला. फक्त तेव्हा तो धडा आहे हे कळलं नाही.

बाईंची एक शिस्त होती. त्या प्रत्येकीच्या तळहातावर पाच राउंड मोजून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आधी बघ, मग भर." पाच काडतुसं बघण्यात काय आहे, सगळी सारखीच तर असतात, असं आम्ही आपसात म्हणायचो. फायरिंग झालं की पाच रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या. एक कमी भरली तर सगळी तुकडी उन्हात गवत चाळत बसायची.

आता मी तुम्हाला टेक्सासला घेऊन जाते. मी ऑस्टिनला राहते. तिथे पिस्तूल बाळगणं आणि रेंजवर जाऊन सराव करणं हे आपल्याकडे क्रिकेटची नेट लावण्याइतकं साधं समजतात. माझ्या ऑफिसातला एक सहकारी मला पहिल्यांदा रेंजवर घेऊन गेला. एन.सी.सी.चं ऐकून तो खूश झाला होता. त्याच्याकडे दोन पिस्तुलं होती, आणि दोन्ही रूपांतर केलेली. त्या दोघांच्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत, म्हणून दोन्ही सांगते.

पहिलं .४५ बोअरचं, १९११ नावाचं. जॉन ब्राउनिंगने आराखडा केलेलं आणि १९११ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेलं. दणकट, जड, आणि गोळी महाग. म्हणून सरावासाठी त्याचं .२२ करायची इच्छा फार जुनी. पण इथे अडचण उलटी आहे. हे पिस्तूल स्वयंभरणाचं. म्हणजे गोळी उडाली की तिच्या धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि येताना पुढचं काडतूस चेंबरमध्ये ढकलते. .४५च्या गोळीचं वजन साधारण २३० ग्रेन, .२२च्या गोळीचं ४०. उर्जा सुमारे चौथा हिस्सा. तेवढ्या जोरावर ती जड स्लाइड हलणार कशी? कोल्ट कंपनीने १९३१ साली 'एस' नावाचं .२२चं पिस्तूल काढलं, त्यात स्लाइड हलकी केली. तरी ते मधूनच अडायचं.

तोडगा काढला डेव्हिड मार्शल विल्यम्स या माणसाने. हा नॉर्थ कॅरोलिनाचा. चोरून दारू गाळायचा. १९२१ साली त्याच्या भट्टीवर छापा पडला, त्यात एका डेप्युटी शेरिफचा जीव गेला आणि विल्यम्सला मोठी शिक्षा झाली. तुरुंगाच्या कारखान्यात काम करता करता त्याने बंदुकांचे आराखडे केले. १९२९ साली तो सुटला. पुढे त्याच्यावर हॉलिवूडने सिनेमाही काढला. त्याच्या डोक्यातली कल्पना अशी: .२२चं चेंबर नळीला पक्कं न जोडता थोडं पुढेमागे सरकणारं ठेवायचं. दारू पेटली की गॅसचा दाब काडतुसाच्या एवढ्याशा बुडावरच नाही, तर त्या सरकत्या चेंबरच्या रुंद तोंडावरही पडतो. क्षेत्रफळ वाढलं, की तेवढ्याच दाबात जोर वाढला. सातवी-आठवीचं विज्ञान! मग ती इवलीशी गोळी .४५ची जड स्लाइड मागे ढकलते, आणि हाताला धक्काही .४५सारखा बसतो. १९३७च्या सुमाराला कोल्टने हे पिस्तूल बाजारात आणलं.

या रूपांतराबद्दल एक लक्षात ठेवा. त्यात काही चुकलं तर पिस्तूल अडतं. गोळी पुढे सरकत नाही, आपण थांबतो, बघतो. चूक स्वतःहून समोर येते.

दुसरं पिस्तूल .४० बोअरचं. त्याची गोष्ट १९८६ सालच्या मायामीपासून सुरू होते. तिथे बँक लुटणाऱ्या दोघांशी एफ.बी.आय.ची चकमक झाली. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच वर्मी गोळी लागली होती, तरी तो लढत राहिला. त्यावरून ठरलं की नऊ मिलिमीटरची गोळी कमी पडते. मग दहा मिलिमीटर आली. तिचा धक्का पुष्कळ जणांना झेपेना. मग त्याच गोळीचं काडतूस आखूड केलं, आणि १९९० साली .४० जन्माला आली. गावोगावच्या पोलिसांनी ती घेतली. पंचवीस वर्षांत नऊ मिलिमीटरच्या गोळ्या सुधारल्या, आणि २०१६ साली एफ.बी.आय.ने पुन्हा नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलांचीच ऑर्डर दिली. बाकीचे पोलीसही मागोमाग वळले. त्यांची जुनी .४०ची पिस्तुलं सेकंडहँड बाजारात स्वस्तात आली. नऊ मिलिमीटरच्या गोळ्या .४०पेक्षा स्वस्त. दोन आणि दोन चार. लोक .४०चं पिस्तूल घेतात आणि त्यात नऊ मिलिमीटरची नळी घालतात.

ही नळी मुद्दाम तशीच बनवलेली मिळते. बाहेरून तिची मापं .४०च्या नळीची, म्हणून ती पिस्तुलात जागच्या जागी बसते. आतलं भोक नऊ मिलिमीटरचं. तिच्याबरोबर मॅगझीनही त्या मापाचं घेतात. उलटं, म्हणजे नऊच्या पिस्तुलाचं .४०, सहसा जमत नाही, कारण काडतुसाचं बूड जिथे टेकतं ती स्लाइडमधली जागाच अरुंद असते. मोठ्या भांड्यात लहान भांडं जातं, लहानात मोठं जात नाही.

आणि खरा धोका नेमका तिथेच आहे.

आकडे थोडेच सांगते. नऊ मिलिमीटरची पुंगळी १९.१५ मिलिमीटर लांब, .४०ची २१.६. जाडीत जेमतेम एक मिलिमीटरचा फरक. ही दोन्ही काडतुसं चेंबरमध्ये पुंगळीच्या पुढच्या काठावर टेकून थांबतात. आत एक छोटी पायरी असते, तिच्यावर. आता .४०च्या चेंबरमध्ये नऊचं काडतूस गेलं तर ते जाडीने सैल आणि लांबीने आखूड. पायरीपर्यंत ते पोचतच नाही. नियमाने पिन त्याच्यापर्यंत पोचायला नको. पण पुंगळी बाहेर ओढणारी जी छोटी आकडी असते, ती पुष्कळदा त्याचं बूड धरून ठेवते. काडतूस लोंबकळत राहतं, पिन आपटते, आणि ते उडतं. दोन्हींचा दाब प्रचंड, चौरस इंचाला पस्तीस हजार पौंडांपर्यंत. तेवढा दाब पातळ पितळी पुंगळीवर येतो आणि तिला सावरायला चेंबरची भिंत जवळ नाही.

हे सगळं मला आता पाठ आहे. तेव्हा नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मुलगी पंधरा वर्षांची होती. "आई, तू रायफल चालवायचीस ना, मला पण शिकव," असं बरेच दिवस चाललं होतं. आम्ही त्याच सहकाऱ्याबरोबर गेलो. आधीच्या आठवड्यात मी त्याच पिस्तुलावर नऊ मिलिमीटरचा सराव केला होता, म्हणून डबा मी नऊचाच घेतला. मॅगझीनही मीच भरलं. मधल्या काळात त्याने .४०ची मूळ नळी परत घातली होती. तो सांगायला विसरला. बाहेरून पिस्तुलात काडीचा फरक दिसत नव्हता. तोच सांगाडा, तीच स्लाइड, तोच सीरियल नंबर. अमेरिकेत कायद्याच्या दृष्टीने तो नंबर असलेला सांगाडा म्हणजेच पिस्तूल, नळी हा नुसता सुटा भाग.

मुलीने दोन्ही हातांनी पिस्तूल धरलं, मी शिकवलं तसं. ट्रिगर दाबला. आवाज पोकळ आला. स्लाइड अर्धवट मागे येऊन थांबली. टार्गेटवर गोल भोक नव्हतं, गोळी आडवी घुसल्यासारखी चीर होती. तिने मान वळवून विचारलं, "आई, हे असंच असतं का?"

तिला काही झालं नाही. डोळ्यांवर चष्मा होता, कानांवर मफ होते. सहकाऱ्याने पिस्तूल हातात घेतलं, रिकामं केलं आणि पुंगळी माझ्या हातावर ठेवली. फुगलेली, आणि एका बाजूने उभी चिरलेली. मग त्याने काही न बोलता बोट दाखवलं. स्लाइडला जी खिडकी असते, तिथून नळीची पाठ दिसते. त्यावर स्पष्ट कोरलेलं होतं: ४०. आणि काडतुसाच्या बुडावर, तेवढंच स्पष्ट: ९ एम.एम.

लिहिलेलं होतं. दोन्हीकडे लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही.

मी बाकावर बसले, आणि खरं सांगते, मला पहिल्यांदा काय आठवलं असेल तर बाईंचा तळहात. "आधी बघ, मग भर."

मुलीला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. घरी नाही सांगितलं. सहकाऱ्यावर खापर फोडणं सोपं होतं. नळी बदलल्याचं त्याने सांगायला हवं होतं, हे खरंच आहे. पण काडतुसं माझ्या हाताने भरली होती. पुढे मुलगीच म्हणाली, "आई, तू ऑफिसात लोकांना रोज हेच सांगतेस ना?"

सांगते, खरंच. माझं काम म्हणजे जुनी प्रणाली नव्याला जोडणं. आमच्याकडे प्रत्येक नव्या मुलाला एक उदाहरण शिकवतात. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झालं. दिशा मोजणाऱ्या यंत्राचा प्रोग्रॅम आधीच्या एरियान-४मधून उचललेला होता. तिथे तो बिनतक्रार चालत होता. नवं रॉकेट जास्त वेगवान. एक मोठा आकडा सोळा बिटांच्या छोट्या जागेत कोंबला गेला, तो मावला नाही, आणि यंत्र बंद पडलं. प्रोग्रॅम बसला होता. जुळला नव्हता. तो नव्या रॉकेटच्या मापांवर तपासून पाहायचं राहून गेलं होतं.

जे बसतच नाही, त्याची मला भीती वाटत नाही. ते अडतं आणि आपल्याला सावध करतं. जे बसतं आणि तरी जुळत नाही, त्याची भीती वाटते. ते पहिल्या क्षणापर्यंत गप्प राहतं.

इथे बसलेल्या मुलांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी जे सांगितलं ते टेक्सासमधलं. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ आहे. परवान्याशिवाय शस्त्र बनवणं, विकणं, दुरुस्त करणं किंवा त्याचं रूपांतर करणं हा गुन्हा आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. नऊ मिलिमीटर तर सामान्य नागरिकाला निषिद्धच. नेमबाजी शिकायची असेल तर त्याचा राजमार्ग आहे: एन.सी.सी., रायफल क्लब, प्रशिक्षक. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली एशियाडचं सुवर्ण मिळवलं ते .२२ बोअरच्या पिस्तुलावर. स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्य आणलं ते .२२ बोअरच्या रायफलवर. पॉइंट टू-टूला कोणी बारकी म्हणू नका.

शेवटचं. पिस्तुलाबद्दल विचार करता करता मला आपलंच आठवत राहिलं. आपण मराठी माध्यमातली मुलं. बारावीनंतर मी इंजिनिअरिंगला गेले आणि पहिल्याच सेमिस्टरला दोन विषयांत केटी लागली. गणित येत होतं, भौतिकशास्त्र येत होतं. वर्गात बसत होते, वह्या भरत होते, बाहेरून सगळं जागच्या जागी होतं. पण शिकवलेलं डोक्यापर्यंत पोचत नव्हतं, कारण मधली भाषा बदलली होती आणि बाकी काहीच बदललेलं नव्हतं. कोणी विचारलं असतं तर मी "समजतंय" म्हटलं असतं. सुट्टीत गावी आले तेव्हा बाईंनी विचारलं, "बसतेस वर्गात ते कळलं. जुळतंय का?" मी त्यांच्या ओसरीवर रडले होते. मग महिनाभर रोज संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून इंग्रजी पुस्तकाचं एकेक पान मोठ्याने वाचून घेतलं आणि मराठीत समजावून सांगायला लावलं. पुढच्या परीक्षेत दोन्ही केट्या सुटल्या. बाई, तुम्हाला कदाचित आठवतही नसेल.

आज आपल्या शाळेतून दरवर्षी अशी मुलं बाहेर पडतात. शहरात जातात, कॉलेजात बसतात, "समजतंय" म्हणतात. आपण पंचेचाळिशी-पन्नाशीला आलेली माणसं जागोजागी पसरलो आहोत. त्या मुलांना पैशाची मदत करू, ती करायलाच हवी. पण प्रत्येकाने एका मुलाला पहिलं वर्षभर महिन्यातून एकदा फोन करून विचारूया, "जुळतंय का?" मेळाव्याच्या वहीत मी एक पान त्यासाठी ठेवलं आहे. माझं नाव लिहिलं आहे. खाली जागा भरपूर आहे.

ती चिरलेली पुंगळी मी ऑफिसच्या टेबलावर ठेवते. आज पर्समध्ये घालून आणणार होते, पण विमानतळावर कोणाकोणाला काय काय सांगत बसू, म्हणून ठेवून आले. बाई, पाच पुंगळ्या मोजून परत देण्याची तुमची शिस्त होती. ही एक तुमच्याकडे जमा करायची राहिली आहे. एवढी उधारी माझ्या नावावर राहू द्या.